जस्ताचा कागद

नागपूर,
१८ जून २०२३

प्रिय दादा,

नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी दिलेलं तेल संपलं असेल तर वहिनीला सांग, इथून पाठवते. गुड्डीची शाळा आता सुरू होईल. तिच्या वह्या झाल्या का? इकडे ऊन अजून उतरलेलं नाही. खोलीतला कूलर बिघडला, म्हणून मी प्रयोगशाळेतच जास्त वेळ बसते. बसते म्हणजे नुसती बसते. करण्यासारखं काही उरलेलं नाही.

फोन तू उचलत नाहीस. वहिनीच्या फोनवर केला तर ती नुसती हो-हो म्हणते आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र. हे तू फाडशील, पण फाडायच्या आधी दोन ओळी तरी वाचशील, एवढं मी तुला ओळखते.

त्या दिवशी मी सकाळच्या बसने मोहाडीला उतरले आणि तिथून ऑटोने गावात आले. खुरपं, चाळणी, नमुने ठेवायचे डबे, सगळं सोबत होतं. प्रयोगाचं शेवटचं मोजमाप घ्यायचं होतं. तलावाच्या पाळीवर चढले तेव्हाच ट्रॅक्टरचा आवाज आला. मला वाटलं, पलीकडे कुणाचं तरी चाललं असेल. पाहते तर आपल्या पाळीखालच्या धानाच्या बांधीत ट्रॅक्टरवाला डोमा रोटाव्हेटर फिरवत होता आणि तू शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा होतास. तुझ्या हातात मी रोवलेली एक खुंटी होती. तिनं तू पायाच्या चपलेचा चिखल खरवडत होतास.

माझ्या जाळीच्या पिशव्या पात्यांना गुंडाळल्या गेल्या होत्या. डोमा ट्रॅक्टर थांबवून त्या विळ्याने कापून काढायला लागला, तेव्हा मी खाली उतरले.

“दादा, हे काहून केलं?”

“शेत मायं आहे. माया शेतात तुयं प्लास्टिक कायले?”

“प्लास्टिक नाही ते. तांदळाचा कागद आहे. कितीदा सांगितलं तुले.”

“तांदळाचा असन त खाऊन टाक ना मंग.”

डोमा हसला. मग तूही हसलास.

आता सांगते, म्हणजे काय नांगरलंस ते तुला कळेल. आपल्याच घरच्या तांदळाचा चुरा, कनकी, मी नागपूरला नेत होते. ती भिजवून, वाटून, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. त्यात ग्लिसरीन आणि जस्ताचं मीठ घालून तो शिजवायचा आणि काचेवर ओतून सुकवायचा. वाळला की त्याचा पापुद्रा निघतो, पारदर्शक कागदासारखा. नुसत्या पेजेचा कागद पाण्यात विरघळतो. जस्त घातलं की तो चिवट होतो. यंत्रात ताणून तोडायला किती जोर लागतो ते मोजायचं, पाण्यात ठेवून किती फुगतो ते मोजायचं, आणि मग तो जमिनीत पुरायचा. तिथे तो कुजावा, आणि कुजताना त्यातलं जस्त धानाच्या मुळांना मिळावं. आपल्याकडे धानाची पानं खैरा रोगाने तांबडी पडतात ती जमिनीत जस्त कमी असतं म्हणून. प्लास्टिक तर उरायचंच नाही, वर पिकाला औषध मिळायचं. हा माझा विषय होता. अर्ध्या बांधीत पट्ट्या अंथरल्या होत्या आणि जाळीच्या पिशव्यांतून तुकडे पुरले होते, काढून तोलायला. दोन पावसाळे.

तू हे का केलंस तेही मला कळलं. डोमानेच सांगितलं, मला मोहाडीला सोडताना. पानठेल्यावर लोक म्हणत होते, बहिणीनं नावाचा बोर्ड लावला, खुंट्या ठोकल्या, आता चंद्रकुमारची अर्धी जमीन गेली म्हणून समजा. एवढंच. ठेल्यावरच्या चार रिकाम्या माणसांनी दात काढले आणि तू ट्रॅक्टर बोलावलास.

दादा, बाबा गेल्यावर तू हक्कसोडीचे कागद तयार करून ठेवले होतेस. पुढच्या खेपेला सही करते, असं मी म्हटलं होतं. खरंच करणार होते. मला ती बांधी फक्त प्रयोगापुरती हवी होती, आणि तीही मी तुझ्याकडे मागून घेतली होती. बाबांच्या जमिनीतला एक तुकडा, आणि मी त्यासाठी तुझ्यापुढे उभी राहून विचारलं होतं.

रीना सही करायला कधी येते, असं तू आईला विचारायला लावलंस. सध्या मला सवड नाही.

आईला नमस्कार. वहिनीला आठवण.

तुझी लहान बहीण,
रीना


नागपूर,
२६ नोव्हेंबर २०२३

दादा,

अभिनंदन. गुड्डीने फोटो पाठवला. गळ्यात शाल, हातात नारळ, मागे तालुक्याच्या पीक स्पर्धेचा फलक. शाल तुला शोभते. तू भाषण केलंस, त्याचाही व्हिडिओ तिने पाठवला. “जमीन माणसाले ओळखते,” असं तू म्हणालास आणि टाळ्या पडल्या. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. वासुदेवरावांचा मुलगा, कष्टाळू शेतकरी, घरच्या शेणखताची किमया, हे सगळं त्यात आलं. फक्त एक गोष्ट आली नाही.

माझी बातमी अशी आहे की माझी शिष्यवृत्ती संपली. शेवटची मोजमापं नसल्याने मुदत वाढवून मिळाली नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी खूप धडपड केली. त्या म्हणाल्या, “रीना, शेतातली आकडेवारी नाही तर हा नुसता स्वयंपाक आहे.” मी आता एका खाजगी तपासणी केंद्रात कामाला लागले आहे. कंपन्या ‘कुजणाऱ्या’ पिशव्या पाठवतात, मी त्या ताणून तोडते आणि पुरून पाहते. लोकांच्या पिशव्यांवर माझी सही असते. माझ्या स्वतःच्या कागदावर कुणाचीच नाही.

तुला माहीत नाही, पण सप्टेंबरमध्ये मी गावात येऊन गेले. घरी आले नाही. पाळीवर उभी राहिले. आजूबाजूच्या सगळ्या बांध्यांत खैरा होता, पानं गंजलेल्या पत्र्यासारखी. तुझ्या वरच्या बांध्याही तशाच. आणि पाळीखालची बांधी हिरवीगार, इतकी की डोळ्यांना टोचत होती. तू तिथे माझा कागद रोटाव्हेटरने बारीक करून मातीत मिसळलास, दादा. माझं जस्त तुझ्या धानाने खाल्लं. तुझ्या गळ्यातली शाल माझ्या प्रयोगाची आहे, आणि मला ते कुठेही सिद्ध करता येत नाही, कारण खुंट्या तू उपटल्यास.

आई तिथे शेळी घेऊन आली. मला पाहून थबकली.

“घरी नाई येत का?”

“नाही.”

“मंग इथं का पाहून राहिली?”

“माझं धान पाहून राहिली.”

तिने बांधीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “रीना, आपल्या घरात आग नोको लावू वो माय,” म्हणाली. मी तिच्या गुडघ्याला हात लावून निघून आले.

नागपूरला परतल्यावर एका वकीलबाईंना सहज भेटले. म्हणजे सहज नाही. सातबाऱ्यावर बाबांच्या मागे तुझं, आईचं आणि माझं नाव आहे. सही मी केलेली नाही, आता करणारही नाही. या पत्रानंतर काही दिवसांनी तुला एक नोटीस येईल. घाबरू नकोस, अर्धी जमीन मागत नाही. घर नको, वरच्या बांध्या नकोत, बैल, अवजारं, काही नको. मला पाळीखालची बांधी हवी. तीच. तिच्याऐवजी दुप्पट दुसरीकडे देतो असं तू म्हणशील. मला दुप्पट नको.

आणि तू कोर्टात लढलास तर वर्षानुवर्षं लढू. मला घाई नाही. तुला मात्र दर हंगामाला पीककर्जासाठी सातबारा लागतो.

ज्या गोष्टीची तुला भीती वाटत होती ती माझ्या मनातही नव्हती. ती तू माझ्या मनात पेरलीस. उगवलेलं पीक आता तूच काप.

रीना


मोहाडी,
२२ मे २०२४

चंद्रकुमारदादा,

बसस्थानकावर बसून लिहिते आहे. तू कोर्टात लढला नाहीस; काल मोजणी झाली, आज तहसील कार्यालयात वाटणीच्या सह्याही झाल्या. तू समोरच होतास, मग पत्र कशाला, असं वाटेल. पण समोर असताना तू छताकडे पाहत होतास.

कारकुनाने आईला विचारलं, “आजी, तुमची संमती आहे ना?” आई म्हणाली, “संमती नसती त मी या उन्हात आली असती का?” आणि तिने अंगठा न देता सही केली. रुखमिणी असं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, कुणी घाई केली तरी.

बाहेर लिंबाखाली तू माझ्याशी एकच वाक्य बोललास. “इतकीच पायजे होती त मागाची होती.”

“मागितलीच होती,” मी म्हटलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? काल मोजणीवाल्याने साखळी टाकली, नव्या धुऱ्याच्या खुणा केल्या, आणि तू त्या खुणांच्या पलीकडे जाऊन उभा राहिलास, तेव्हा मला जो आनंद झाला तो मला पदवी मिळाली असती तरी झाला नसता. डोमाही तिथे होता. या वेळी तो हसला नाही.

आईने ऑटोत चढताना माझा हात धरला नाही. “आता तुयं पोट भरलं का?” म्हणाली. मी हो म्हटलं. रुपावहिनीने डबा आणला होता, पण तो तुझ्यासमोर मला देऊ का नको अशा घोळात ती उभीच राहिली, आणि डबा तसाच परत गेला. तुमच्या घरात आता मला जेवायला मिळणार नाही, हे मला माहीत आहे. मी हिशेब करूनच आले होते.

बस लागली.

रीना


नागपूर,
१५ डिसेंबर २०२४

दादा,

नमस्कार. थंडी चांगली पडली आहे. आईला जुनी शाल नको देऊस, ती टोचते तिला. मी नवी पाठवते आहे, मी पाठवली असं सांगू नको. गुड्डीची दहावी जवळ आली. गणितात अडत असेल तर तिला मला फोन करू दे. तेवढ्याने तुझं नाक कापलं जाणार नाही.

माझं काम बरं चाललंय. मॅडमनी संध्याकाळी त्यांची प्रयोगशाळा वापरायची परवानगी दिली आहे, त्यामुळे कागदाचं काम पुन्हा सुरू आहे. या पावसाळ्यात बांधीत मी काय करत होते ते तू धुऱ्यापलीकडून दर रविवारी पाहिलंस. अर्ध्या बांधीत चिखलणीच्या वेळी जस्ताचा कागद अंथरला, अर्धी तशीच सोडली. दोन्हीकडे एकच वाण, रोवणी एकाच दिवशी. माझी बांधी यंदाही हिरवी राहिली आणि तुझ्या वरच्या बांध्या पुन्हा तांबड्या पडल्या.

श्रावणातली ती दुपार तुला आठवत असेल. मी नमुने धूत होते. तू धुऱ्याजवळ आलास. पण ओलांडला नाहीस. माझ्याशी नाही, जणू पाण्याशी बोलल्यासारखं विचारलंस, “का निघालं तुया कागदाचं?”

“मोजणं चालू आहे,” मी म्हटलं.

“मोजाले का पायजे? दिसून राहिलं ना.” मग डोक्यावरची टोपी काढलीस. “तुया तो कागद मलेही देशीन का? वरच्या बांधीत टाकून पाहतो. दोन फवारण्या झाल्या, रोग हटूनच नाई राहिला.”

दादा, माझ्या आयुष्यात तू माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलंस. तुझा आवाज खाली आला होता. टोपी हातात होती. मी म्हटलं, “विचार करते.” तू मान हलवलीस आणि गेलास. त्यानंतर आणखी एकदा वहिनीला पाठवलंस. तिलाही मी तेच सांगितलं. ती म्हणाली, “रीनाताई, तुमच्या भांडणात आमचं धान काहून मारता?” मी चाळणी धूत राहिले.

आता जे लिहायचं ते मी चार महिने टाळते आहे. या पत्राची पहिली पानंही त्यासाठीच लांबली.

जून महिन्यात माझ्या बांधीत चिखलणी केली तेव्हा चिखलातून कागदाचे तुकडे वर आले. नवे नव्हते. तुझ्या रोटाव्हेटरने कापलेले, आदल्या वर्षीचे. मी ते गोळा केले, धुतले, वाळवले, नागपूरला आणले. हाताला चिवट लागत होते. ताणले तर सहज तुटेनात. त्यातलं जस्त मोजलं. जवळजवळ सगळं जागच्या जागी होतं, दादा. कागद कुजलाच नव्हता. ज्या जस्ताने तो मजबूत झाला, त्याच जस्ताने त्याला कुजू दिलं नाही. कुजवणारे जंतू त्याच्या वाटेला गेलेच नाहीत. तुलनेसाठी पुरलेले, जस्त न घातलेले नुसत्या पेजेचे तुकडे पार नाहीसे झाले होते. माझे तसेच राहिले, जमिनीला काही न देता.

म्हणजे तुझ्या त्या वर्षीच्या धानाला माझ्या कागदाने काहीही दिलेलं नव्हतं. तुझी शाल तुझीच होती.

मग बांधी हिरवी कशाने राहिली? डोमाला विचारलं. तो म्हणाला, नांगरणीनंतर तुम्ही तलावातला गाळ काढला होता. तो सगळ्या बांध्यांत टाकायचा होता, पण वरच्या बांध्यांपर्यंत जायला वाट चांगली नव्हती, म्हणून त्याने सगळा पाळीखालीच ओतला आणि तुला सांगितलं नाही. त्या गाळाचा नमुना मी तपासला. जस्त भरपूर होतं. यंदा माझ्या दोन्ही अर्ध्या बांध्या सारख्याच हिरव्या होत्या, कागदाची आणि बिनकागदाची. गाळ दोन्हींत होता. तू मंचावर शेणखत म्हणालास तेही चूक होतं आणि मी तुला चोर म्हटलं तेही चूक होतं. डोमाच्या आळसाने तुला शाल मिळवून दिली. हे लिहिताना मला थोडं बरं वाटतंय, हेही सांगून टाकते.

पण खरी गोष्ट याच्याही पुढची आहे.

तू धुऱ्यावर टोपी हातात घेऊन उभा होतास त्या दुपारी मला हे सगळं माहीत झालेलं होतं. तुझ्या धानाला रोग नाही, जस्त कमी आहे. फवारणीने काही होणार नाही. कृषी केंद्रात जस्ताची साधी पिशवी मिळते, ती आणून टाक, पंधरवड्यात पानं सुधारतील. एवढं बोलायला मला श्वासही लागला नसता. लोकांना मी हे फुकट सांगते. पहिल्या पत्रात जस्ताचं लिहिलं होतं, पण ते तू फाडलं असशील; तोंडाने तुला सांगितलं नाही. तू पुन्हा फवारलंस, पुन्हा विचारलंस, आणि मी ‘विचार करते’ म्हणत राहिले. तुझी पानं कशी तांबडी होत जातात ते मी रविवारच्या रविवार पाहिलं. मला बघवत नव्हतं असं नाही. मी बघायलाच येत होते.

वहिनीचं म्हणणं खरं होतं. मी तुमचं धान मारलं.

आता इथे माफी यायला हवी. मी ती लिहायला दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा खोडली, कारण वाचताना ती खोटी वाटत होती. मला वहिनीचं वाईट वाटतं. तिने परत नेलेला तो डबा आठवतो. आईसमोर मला मान वर करवणार नाही. पण तुझ्यासाठी मी मन चाचपून पाहिलं तर तिथे अजून तीच खुंटी हातात धरलेला माणूस उभा आहे. तो हलत नाही. मी काय करू?

पुढच्या वर्षी चिखलणीलाच वरच्या बांध्यांत जस्त टाक. उन्हाळ्यात गाळ निघाला की तो वरपर्यंत ने. वाट मी माझ्या बांधीतून देईन, ट्रॅक्टर जाऊ दे. ही मेहरबानी नाही, मला जे ठाऊक आहे ते सांगते आहे, उशिरा.

मॅडमना मी खरे आकडे दिले आहेत. कागद कुजला नाही, असं लिहिलं आहे. आता जस्त कमी करून पुन्हा बनवेन, पुन्हा पुरेन.

एक गोष्ट तू हे वाचल्यावर नक्की म्हणशील, म्हणून आधीच उत्तर देते. कागदाचा दावा खोटा निघाला, तर बांधी परत दे. नाही देणार. कागदाच्या जोरावर ती माझी झालेली नव्हती. ती बाबा गेले त्या दिवसापासून माझी होती; मीच ती तुझ्याकडे मागत होते.

तुझी, धुऱ्यापलीकडची,
रीना